निकानोरच्या वाटणीचं पाणी

२६ सप्टेंबर

आज पहिल्यांदा एकटी पाणी तपासायला गेले. गाडी तीच, पेटी तीच, पेटीवर निकानोरच्या हाताने रंगवलेलं नाव तेच. फाटकातच मेंढ्यावाल्या म्हाताऱ्याने अडवलं. "मालक कुठायत?" म्हटलं, "मालक गेले. आता मीच मालक." त्याने टोपी काढली आणि मग नमुना घेऊन होईपर्यंत माझ्या हातांवरची नजर काढली नाही. जसं काही मी त्याच्या विहिरीत विष कालवायला आलेय!

इतकी वर्षं बाटल्या कोणी धुतल्या? चिठ्ठ्या कोणी चिकटवल्या? निकानोर गिऱ्हाइकांशी गप्पा हाणत त्सुइकाचे पेले रिचवायचा तेव्हा नळ्या कोण हलवत होतं? पाण्यात पूड टाकायची, नळी हलवायची, थांबायचं. पाणी होतं तसंच राहिलं तर ठीक. गुलाबी झालं तर नायट्रेट आहे, आणि जितकं लालभडक तितकं जास्त. जंतूंसाठी वेगळी बाटली क्रायोव्याच्या प्रयोगशाळेत. एवढंच तर आहे.

म्हाताऱ्याचं पाणी चांगलं निघालं. त्याने मला चीजचा गड्डा दिला. घरी येऊन तो टेबलावर ठेवला आणि सवयीने नवऱ्याचीही ताटली काढली. मग रडले.

२९ सप्टेंबर

सासूबाईंनी निकानोरसाठी पाणी वाहायला फिरामावशीला ठरवलंय. मला विचारलंसुद्धा नाही.

"आई, हे करायलाच हवं का?"

"मेलेल्याला तहान लागते, सूनबाई. चाळिसाव्या दिवसापर्यंत रोज त्याच्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या घरी पोचायला हवं. तिथे कुणाच्या तोंडी लागेल तेवढंच त्याला तिकडे मिळतं."

"जन्मभर लोकांची पाणी तपासत फिरलेल्या माणसाला तिकडे पाणी मिळत नाही होय?"

"तुझ्या नळ्यांत मावत नाही ते," म्हणाल्या आणि पाठ फिरवली.

तर आता रोज उजाडताना फिरामावशी येते. काळा रुमाल, काळा झगा, हातात नवी कोरी बादली. आमच्या विहिरीतून बादली भरते, वर भरतकामाचं फडकं टाकते आणि खाली गेनाकाकूच्या घरी नेऊन देते. जाताना बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, मागे बघायचं नाही. आज धुक्यात ती फाटकातून बाहेर पडली तेव्हा आमचा कुत्रा, जो पोस्टमनला अजून ओळखत नाही, तो उठून बाजूला झाला आणि त्याने शेपूट पायात घातली. फिराला वाट देऊनही तो तसाच उभा होता, तिच्यामागून आणखी कुणी जायचं राहिल्यासारखा.

कुत्रा म्हातारा झालाय.

३ ऑक्टोबर

धंदा हळूहळू चाललाय. दोन घरं आणि रस्त्यावरची खानावळ. खानावळवाल्याने भाव पाडायला बघितला, "बाईमाणूस आहेस, अर्ध्यात कर." म्हटलं, "तुझी गिऱ्हाइकं अर्धीच हगवणीने आजारी पडली तर चालेल का?" पूर्ण दिले.

पूड मात्र भिकार आलीय. शुद्ध पाणी संपलं होतं म्हणून आज स्वयंपाकघरातलं घेऊन नळी पडताळून बघितली, तर चक्क गुलाबी! पुरवठादाराला फोन करून असा झाडलाय की नवा डबा परवाच येईल. निकानोर असता तर हसत म्हणाला असता, "स्मारांदा, माणसाला बोलायला जागा तरी ठेव."

आईंनी विचारलं शेणाचा ढीग परत जागेवर न्यायचा का. जूनमध्ये निकानोरला वास सोसेना म्हणून त्याच्या खिडकीखालून हलवून विहिरीमागच्या चढावर नेला होता. म्हटलं राहू दे तिथेच. त्या खिडकीला मला आत्ता हातही लावायचा नाही.

७ ऑक्टोबर

गेनाकाकूने बोलावलं. तिचा मुलगा स्पेनला बांधकामावर आहे. घरात ती, सून इलिंका आणि नातू सांदू. तान्हा आहे अगदी. इलिंकाचं दूध आटलं, म्हणून डब्याची पावडर पाण्यात कालवून पाजतात. पोर काही दिवसांपासून बरं दिसत नाही. कुणीतरी सांगितलं, पाणी बघून घे.

मी बघितलं बाळाला. ओठ तुती खाल्ल्यासारखे. नखं निळसर राखाडी. आणि रडत नाही. आईच्या मांडीवर डोळे उघडे टाकून पडलेलं, छताकडे बघत. तेवढ्या पोराला असं शांत पडलेलं मी कधी पाहिलं नाही. मला तिथून उठावंसं वाटलं, खोटं का बोलू.

विहिरीचं पाणी नव्या पुडीने तपासलं. एकदा, दोनदा. काही नाही, नितळ. विहीर झाकलेली, आसपास घाण नाही. क्रायोव्यालाही बाटली पाठवली. पहिल्यांदाच कागदावर स्वतःची सही केली. इलिंकाला सांगितलं, "पाण्यात काही नाही गं. तरी लहान आहे, चांगलं खळखळा उकळून घे."

"उकळतेच ताई, दोन-दोनदा उकळते."

"शहाणी."

निघताना चुलीजवळ फिराची बादली दिसली, वर आमचं फडकं. उचलून बघितलं तर निम्म्याच्या खाली आली होती. म्हणजे पितंय कुणीतरी. माझा नाही विश्वास असल्या गोष्टींवर, पण घरी येताना पाय हलके पडत होते.

१२ ऑक्टोबर

सांदूला क्रायोव्याच्या इस्पितळात नेलंय. दुपारी तिथल्या डॉक्टर बाल्तेआनूंचा फोन. तरुण बाई असावी, आवाजात झोप नव्हती.

"घरी विहीर आहे म्हणतात. नायट्रेट असू शकतं का?"

"मी स्वतः तपासलंय. दोनदा. लेखी दिलंय."

"दुसरं कुठलं पाणी?"

"डॉक्टर, त्यांच्या अंगणात एकच विहीर आहे आणि ती मला माझ्या तळहाताइतकी माहीत झालीय."

"मग हृदय बघायला हवं," ती म्हणाली. जंतूंचा निकालही आलाय, तोही स्वच्छ. नवऱ्यामागे मी काम नीट करतेय याचा तेवढ्यातही मला आनंद झाला. कसलं मेलं मन असतं.

१६ ऑक्टोबर

सांदू घरी आला! गुलाबी, गुबगुबीत, दणकून रडणारा. हृदय ठीक, सगळं ठीक. डॉक्टरांनाच कळेना कसा बरा झाला. गेनाकाकूने मेणबत्त्या लावल्या.

गावात मात्र चर्चा पसरलीय. प्रत्येकाला आपली विहीर तपासून हवीय. आज दिवसभर पाठ टेकली नाही. पोराच्या दुखण्यावर माझा धंदा उभा राहतोय, याची लाज वाटते आणि पैसे मोजताना वाटत नाही.

१९ ऑक्टोबर

पुन्हा निळा.

गेनाकाकूने सकाळीच निरोप पाठवला. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मी पोचले तेव्हा इलिंका खाटेवर त्याला घेऊन बसली होती. गेनाकाकूने मला कोपऱ्यात ओढलं.

"इस्पितळात बरा होता ना? घरी आला की होतो. घरातच आहे जे आहे ते."

"काय आहे घरात?"

"तुला सांगायची चोरी, स्मारांदा. तुझा माणूस आहे." आणि कानाशी येऊन म्हणाली, "त्याची तहान भागत नाहीये. बाळाच्या ओठांनी पितोय तो."

मी तिला म्हणणार होते, काकू, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. पण तेवढ्यात फिरा आत आली. न बोलता. बादली चुलीपाशी ठेवली. आणि इतका वेळ छताकडे बघत पडलेल्या सांदूने मान वळवली, सावकाश, बादलीकडे. ओठ हलवायला लागला. चुटुचुटु.

दिव्याच्या उजेडात मी त्याचे ओठ बघितले. तो रंग मी ओळखते. शेवटच्या दिवशी निकानोरचे ओठ असेच होते, तेव्हाही तो चमच्याचमच्याने पाणीच मागत होता. मी त्या घरातून अक्षरशः पळाले.

परतताना फिरा गाठली. बादली रिकामी असली की तिला बोलता येतं.

"मावशी, काही जाणवतं का गं जाताना?"

ती चालता चालता म्हणाली, "आधी घरोघरची पाणी वाहिलीत मी. बादली वाटेत हिंदकळते, हलकी होते. तुझ्या माणसाची जडच होत जाते."

तिचं वय झालंय. हात दुखत असतील.

२२ ऑक्टोबर

गेनाकाकूने विहिरीवर फळ्या ठोकल्या! माझ्या सहीचा कागद घरात असताना! मी गेले आणि नको नको ते बोलले.

"अहो, गावातलं सगळ्यात चांगलं पाणी तुमचं. आणि तुम्हीच बंद करताय? मग पिणार काय?"

"मिळतं तेवढ्यात भागतंय आमचं," ती म्हणाली. माझ्या नजरेला नजर देईना.

पाद्री येऊन चारी कोपऱ्यांत पवित्र पाणी शिंपडून गेले. (ते चर्चमागच्या झऱ्याचं. तेही मी तपासलंय, उत्तम आहे.) इलिंका भिंतीला टेकून उभी होती. एवढीशी झालीय पोर. मला म्हणाली, "ताई, तुम्ही काही करा. तुम्हाला कळतं." मी पुन्हा सगळं बघते म्हणाले. आता आणखी काय बघणार आहे मी?

घरी आले तर आईंचा नवाच हुकूम. उद्यापासून फिरा दोन बादल्या नेणार. "गेना म्हणत होती, पुरत नाही. त्याची तहान वाढलीय." म्हटलं, न्या. दोन काय, चार न्या. मला आता वाद घालायचं त्राण नाही. विहिरीशी जाऊन मी पण एक गार तांब्या प्याले. गोड आहे आमचं पाणी. निकानोर म्हणायचा, एवढ्यासाठीच मी परत परत या घरी येतो.

२६ ऑक्टोबर

लिहिते. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळी सांदूने श्वास घ्यायचं थांबवलं. रुग्णवाहिका आली तोवर त्याचा चेहरा पाटीसारखा झाला होता. इलिंका अनवाणी गाडीत चढली. दुपारी डॉक्टर बाल्तेआनूंचा फोन. या वेळीही आवाजात झोप नव्हती, आणि आता सभ्यताही नव्हती.

"बाई, मुलाचं रक्त चॉकलेटसारखं तपकिरी आलंय. हे नायट्रेट आहे. मी औषध चालू केलंय, उतार पडतोय. पण तुमचा कागद बघून पहिल्या वेळी मी हृदयाच्या मागे लागले. त्याच्या बाटलीत काय जात होतं ते मला आज सांगा. आजच."

मी पेटी घेऊन गेनाच्या घरी गेले. विहिरीवरची फळी उचकटली, पाणी काढलं. नितळ. दुधाच्या डब्याची पावडर शुद्ध पाण्यात घातली. नितळ. किटली, थर्मास, भांडी धुवायचा टब. सगळं बघितलं. गेना दारात उभी, ओठ आवळून.

मग मी चुलीपाशी बसले. फडकं बाजूला केलं. नळी भरली, पूड टाकली, हलवली. एवढा लाल रंग मी कधीच बघितला नव्हता. नळी गेनापुढे धरली.

"हे बाळाला?" मी विचारलं.

"मग कुणाला? निष्पाप तोंडी लागलं तर पुण्य जास्त." मग तिचा आवाज फुटला. "इलिंका आधी नको म्हणत होती. मीच म्हटलं, अगं, पाणी तपासणाऱ्याच्या घरचं पाणी आहे ते. त्याच्याहून चांगलं कुठलं मिळणार?"

घरी येऊन आमच्या विहिरीचं तपासलं. त्याची गरज नव्हती. दिवाणखान्यात निकानोरचा कागद चौकटीत टांगलेला आहे, 'स्वतःच्या घरची विहीर, उत्तम'. लग्नाच्या वर्षीचा. त्यानंतर कुणी बघितलंच नाही. आणि जून महिन्यापासून विहिरीच्या डोक्यावर ढीग. पाऊस आला तसं सगळं झिरपलं. मोठ्या माणसाला काही होत नाही त्याने. मला नाही झालं, आईंना नाही झालं. फक्त तान्ह्याचं रक्त काळवंडतं. आणि उकळलं की पाणी आटून आणखी कडक होतं. उकळ म्हणून कुणी सांगितलं होतं तिला?

डॉक्टरना फोन केला. "आमच्याच घरचं पाणी होतं," म्हटलं. ती म्हणाली, "बरं. बाळ वाचेल."

२७ ऑक्टोबर

उजाडताना फिरा आली. मी विहिरीशी उभी होते. तिने दोन्ही बादल्या भरल्या होत्या. तिला बोलता येत नव्हतं आणि मला तिला कसं थांबवायचं कळेना. मी बादल्या हिसकावल्या आणि ओतून दिल्या. पाणी माझ्या पायांवरून वाहिलं, बर्फासारखं.

आई दारातून बघत होत्या. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आता तो कुठून पिणार?"

"आई, पोर मरत होतं!"

"कळलं मला. मी काय राक्षसीण आहे? पोर जगायलाच हवं." आणि खाली बसल्या. "पण तो कुठून पिणार, ते सांग. तुझं सगळं शिक्षण घेऊन सांग."

मी त्यांच्याजवळ बसले. विहिरीला कुलूप लावलंय. ढीग हलवायला उद्या माणसं येतील, पण पाणी साफ व्हायला वर्षं जातील.

दुपारभर फाटकाशी कुत्रा उभा होता, घराकडे तोंड करून. आत घ्यायला गेले तर येईना.

३० ऑक्टोबर

चाळिसावा दिवस. नदीवर जायचं ठरलं. पाणी अपुरं राहिलं म्हणून आईंनी राहिलेले दिवस झऱ्याच्या पाण्यावर भागवले. झरा मी तीनदा तपासलाय, क्रायोव्यालाही धाडलाय.

झिऊच्या काठावर गारठा होता. भोपळ्याच्या कवट्यांत मेणबत्त्या लावून आईंनी प्रवाहात सोडल्या. फिरा गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि तिने रीतीप्रमाणे विचारलं, "निकानोरसाठी मी पाणी वाहिलं. कोण साक्ष?"

साक्ष ज्यांच्या घरी पाणी दिलं त्यांनी द्यायची. गेना मान खाली घालून गप्प. गावातली मोजकी माणसं आली होती, तीही गप्प. फिराने दुसऱ्यांदा विचारलं. मला वाटलं, आता हे असंच राहणार. निकानोरसाठी कुणी तोंड उघडणार नाही आणि ते बरोबरच आहे.

तेवढ्यात चढावरून इलिंका उतरताना दिसली. सांदूला शालीत बांधलेलं, कालच सोडलंय त्याला. कुणी बोलावलं नव्हतं तिला. ती सरळ पाण्याच्या कडेला गेली. फिराने तिसऱ्यांदा विचारलं.

"मी साक्ष," इलिंका म्हणाली. "पोचलं पाणी. माझं बाळ ते प्यायलं." मग फिराकडे नाही, नदीकडे बघत म्हणाली, "निकानोरदादा, तुम्ही चांगले होतात. पण आता पुरे. आता नदीचं प्या. याच्याकडे मागायला येऊ नका."

मेणबत्त्या वळणावर गेल्या. एकही विझली नाही. आई मोठ्याने रडल्या, आणि मीही.

शेवटी बादली ज्या घरी पाणी गेलं त्यांना द्यायची असते, भरून. मी झऱ्याचं पाणी भरलं होतं. इलिंकापुढे धरली, वर तपासणीचा कागद ठेवला. तिने कागदाला हात लावला नाही.

"ताई, आधी तुम्ही प्या."

मोठ्या माणसाच्या पिण्याने काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. महिनाभर मी तेच लाल पाणी तांब्याने पीत होते. तिला ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. गुडघे टेकले, ओंजळ भरली आणि प्याले. पुन्हा भरली, पुन्हा प्याले. सांदूला पोटाशी धरून इलिंका माझ्यावर वाकली होती. गाव निघून गेलं तरी ती हलली नाही. माझ्या ओठांचा रंग बघत ती तिथेच थांबली.